आमची वाटचाल : न तापणाऱ्या मुठी

आमचा व्यवसाय लहान आहे आणि आता काम एकाच प्रकारचे आहे. मोटारसायकलच्या हँडलबारवर बसवलेल्या, विजेवर तापणाऱ्या मुठी, ज्यांना सगळेच हीटेड ग्रिप्स म्हणतात, त्या तापेनाशा झाल्या की त्यामागचा दोष आम्ही शोधून काढतो. सुरुवातीला आम्ही दुचाकीच्या वायरिंगचे सगळेच काम घेत असू, मग तो न वाजणारा हॉर्न असो किंवा न चार्ज होणारी बॅटरी. त्याच ओघात एका हिवाळ्यात अशा मुठींची पहिली तक्रार आमच्याकडे आली, आणि तिचे निदान करताना आम्ही जी चूक केली, त्या चुकीतूनच पुढचा सगळा व्यवसाय उभा राहिला.

तक्रार साधी होती. दोन्ही मुठी कोमट होत, त्यापलीकडे तापत नसत. आम्ही मुठींकडे जाणारा कनेक्टर सोडवला, मल्टिमीटर लावला, त्यावर १२.४ व्होल्ट दिसले. वीज येते आहे आणि मूठ तापत नाही, तर दोष मुठीतच असणार, असे ठरवून आम्ही नवी जोडी बसवली आणि गाडी परत दिली. गाडीवाल्याला दुसऱ्याच दिवशी परत यावे लागले, कारण नव्या मुठीही तशाच कोमट होत होत्या. पहाटेच्या थंडीत लांबचा पल्ला गाठणाऱ्या माणसाची बोटे बधिर झाली की ब्रेक आणि क्लच दोन्हींवरचा त्याचा ताबा कमी होतो, हे आम्हाला माहीत होते. त्यामुळे त्या दिवशी आम्हाला फार वाईट वाटले. या वेळी आम्ही कनेक्टर न सोडवता, मुठी चालू ठेवून, त्याच जागी मोजले. मीटरवर जेमतेम ८ व्होल्ट होते. मुठींची ऋण वायर चौकटीवरच्या रंगाच्या थरावर बोल्टने आवळलेली होती. रंग खरवडून धातू उघडा केला, वायरच्या टोकाला नवा लग, म्हणजे बोल्टखाली बसणारी धातूची कडी, लावला, आणि त्या मुठी पाच मिनिटांत चांगल्या तापल्या. काढून ठेवलेल्या जुन्या मुठींत कोणताच दोष नव्हता.

हे असे का घडते, ते नीट समजून घेणे आवश्यक आहे. सामान्य डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, सुमारे १ कोटी ओहम असतो, त्यामुळे मोजताना त्यातून वाहणारा प्रवाह नगण्य असतो. गंजलेला सांधा असो, किंवा वायरच्या तांब्याच्या तारांपैकी एकच शिल्लक असो, एवढा क्षीण प्रवाह त्यातून सहज पार होतो आणि मीटर पूर्ण दाब, म्हणजे पूर्ण व्होल्टेज, दाखवतो. मुठीला मात्र खरा प्रवाह लागतो. एका मुठीचा रोध ७ ओहम धरला, तर गाडी चालू असताना १३.५ व्होल्टवर ती जवळपास १.९ अँपिअर घेते आणि २६ वॅट उष्णता देते. समांतर जोडलेली जोडी ३.९ अँपिअर आणि ५२ वॅट. या मार्गात कुठेतरी ०.३ ओहमचा वाईट सांधा असला, तर त्याच्यावरच १ व्होल्टहून थोडा अधिक दाब खर्च होतो आणि जवळपास ४ वॅट उष्णता मुठीऐवजी त्या कनेक्टरच्या प्लास्टिकमध्ये निर्माण होते. कनेक्टर पिवळा पडून वितळू लागतो तो यामुळे. उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. म्हणून दाब १३ वरून १२ व्होल्टवर आला, तर घट फक्त १ व्होल्टची दिसली, तरी हाताला मिळणारी ऊब सुमारे १५ टक्क्यांनी कमी होते.

त्या प्रसंगानंतर आम्ही नियम केला की प्रवाह वाहत असताना मोजल्याशिवाय कोणताही भाग बदलायचा नाही. मीटरचे एक टोक बॅटरीच्या धन टोकावर, दुसरे मुठीच्या धन वायरवर, मुठी पूर्ण पातळीवर चालू, आणि मग मधल्या वायरवर किती दाब हरवतो ते पाहायचे. हीच मोजणी ऋण बाजूनेही करायची. कोणत्याही एका बाजूवर अर्ध्या व्होल्टहून अधिक दाब हरवत असेल, तर आम्ही सांधा न् सांधा तपासत पुढे जातो. मूठच काढलेली असेल, तर तिच्या जागी इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब जोडतो. तो एका मुठीइतकाच, सुमारे पावणेदोन अँपिअर प्रवाह घेतो, आणि वायर हलवताच तो मिणमिणला तर दोष डोळ्यांना दिसतो. तुटक तुटक येणाऱ्या दोषासाठी माझ्या मते या बल्बइतके विश्वासू साधन नाही. मीटरचे आकडे स्थिर होईपर्यंत तुटलेला सांधा पुन्हा जुळलेला असतो.

पुढच्या दोन हिवाळ्यांत आमच्याकडे येणाऱ्या कामात एक गोष्ट वारंवार दिसू लागली. उजवी मूठ बंद आणि डावी चालू, अशा गाड्या सर्वाधिक होत्या. कारण उघड आहे. डावी मूठ हँडलबारवर स्थिर असते, उजवी मात्र थ्रॉटलच्या नळीवर बसलेली असते आणि प्रत्येक वेळी गती वाढवताना ती फिरते, तिच्याबरोबर तिची वायरही वाकते. ही वायर मुठीतून जिथे बाहेर पडते तिथे, बाहेरचे आवरण शाबूत असतानाच, आतल्या तारा एकेक करून तुटत जातात. वायर हातात धरून थ्रॉटल हळूहळू फिरवला की काही विशिष्ट कोनात मूठ चालू होते आणि काही कोनांत बंद. अशा वेळी मूठ टाकून देण्याची गरज नसते. तुटलेल्या भागाच्या मागे पुरेशी वायर शिल्लक असेल, तर तेथे बारीक तारांची, सिलिकॉन आवरणाची लवचिक वायर जोडून मूठ वाचवता येते. मात्र तापणारा घटक नायक्रोम या मिश्रधातूच्या तारेचा असेल, तर तिला साधे सोल्डर, म्हणजे वितळवून लावायचे झाळ, नीट धरत नाही. तेथे दाबून बसवलेला सांधाच करावा लागतो. वायर अगदी मुठीच्या तोंडाशी तुटलेली असेल, तर आम्ही तसे स्पष्ट सांगतो आणि मूठ बदलायला सुचवतो.

याच कामातली आमची दुसरी चूक येथे नोंदवतो. एका गाडीत अशी वायर दुरुस्त केल्यावर ती सुबक दिसावी म्हणून आम्ही मुठीपासून दोन बोटांवर पट्टीने हँडलबारला घट्ट बांधली. सगळे वाकणे त्या दोन बोटांत एकवटले आणि दुरुस्ती महिनाभरही टिकली नाही. आता आम्ही उजव्या वायरला मोठा, सैल वळसा ठेवतो, म्हणजे वाकणे लांबवर विभागले जाते. वळसा ठेवताना इंजिन बंद ठेवून हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहतो, आणि प्रत्येक स्थितीत थ्रॉटल सोडल्यावर तो आपोआप मागे येतो की नाही ते तपासतो. वायर मध्ये अडकून थ्रॉटल उघडा राहणे हा प्राणाशी गाठ असलेला दोष आहे. त्यामुळे ही तपासणी झाल्याशिवाय आमच्याकडून एकही गाडी बाहेर जात नाही, मग ग्राहक कितीही घाईत असो.

सांधे कसे करावेत याबद्दल आमच्यातच बरेच दिवस मतभेद होते. माझे भागीदार सोल्डरच्या बाजूचे होते आणि त्यांचे झाळकाम खरोखर सुंदर असे. परंतु सोल्डर वायरच्या तारांमध्ये पुढे ओढले जाते, तेवढा भाग कडक होतो, आणि जिथे तो कडक भाग संपतो तिथे कंपनांमुळे तार तुटते. परत आलेल्या तीन गाड्यांत नेमके तसेच तुटलेले पाहिल्यावर त्यांनी स्वतःच क्रिम्पिंगचे, म्हणजे सांधा दाबून बसवण्याचे, चांगले हत्यार आणण्याचा आग्रह धरला. आता हँडलजवळचा प्रत्येक सांधा योग्य मापाच्या स्लीव्हने दाबलेला आणि आतून गोंद असलेल्या आकुंचन पावणाऱ्या नळीने झाकलेला असतो, कारण पाणी एकदा आवरणाच्या आत शिरले की तांबे हिरवे पडत दूरवर खराब होत जाते.

इलेक्ट्रॉनिक नियंत्रक, म्हणजे उष्णतेची पातळी ठरवणारा भाग, असलेल्या मुठी वाढू लागल्या तेव्हा आम्हाला बरेच नव्याने शिकावे लागले. जुन्या दोन पातळ्यांच्या स्विचमध्ये मंद पातळीसाठी काही वेळा दोन्ही मुठी एकसरीत जोडल्या जात; प्रत्येकीला अर्धा दाब मिळे आणि एकूण उष्णता चौथ्या हिश्श्यावर येई. तिथे एक मूठ तुटली की मंद पातळीवर दोन्ही थंड आणि जोरावर एक गरम, असे लक्षण दिसते, आणि त्यावरूनच निदान होते. नवे नियंत्रक मात्र प्रवाह फार जलद चालू-बंद करून उष्णता ठरवतात. मधल्या पातळीवर मीटर लावला तर तो सरासरी दाखवतो, आणि अनुभव नसलेला माणूस त्याला वायरिंगमधील घट समजतो. म्हणून आम्ही मोजणी नेहमी सर्वांत वरच्या पातळीवरच करतो.

शिवाय अनेक नियंत्रक बॅटरीचा दाब ठरावीक मर्यादेखाली गेला की मुठी स्वतःहून बंद करतात. गर्दीत थांबले की मुठी बंद पडतात, ही तक्रार घेऊन येणाऱ्यांना नवा नियंत्रक हवा असतो. आम्ही आधी बॅटरीवर मीटर लावतो, इंजिन मंद गतीवर ठेवून मुठी चालू आणि बंद अशा दोन्ही स्थितींत पाहतो, आणि मग गती वाढवतो. मंद गतीवर दाब १२ च्या खाली घसरत असेल, तर कमी पडते ते चार्जिंग किंवा थकलेली बॅटरी. नियंत्रक आपले काम चोख करत असतो.

स्वतः जोडणी करून आलेल्या गाड्यांमध्ये मुठी रिलेशिवाय, म्हणजे किल्लीबरोबर चालू-बंद होणाऱ्या विजेच्या स्विचशिवाय, थेट बॅटरीला जोडलेल्या आढळतात. किल्ली काढल्यावरही त्या चालू राहतात, आणि ९ अँपिअर-तासांची बॅटरी तीन तासांच्या आत रिकामी होते. आम्ही अशा गाडीत रिले बसवतो : त्याच्या ३० क्रमांकाच्या टोकाला फ्यूजमधून बॅटरी, ८७ ला मुठी, आणि ८५-८६ मधली गुंडाळी किल्लीबरोबर जिवंत होणाऱ्या वायरवर. फ्यूज बॅटरीजवळच असला पाहिजे, यावर आम्ही ठाम आहोत. तो मुठीजवळ लावला तर मधली सगळी वायर फ्यूजच्या संरक्षणाविना राहते आणि ती कुठे घासून चौकटीला टेकली तर आगीपर्यंत वेळ येऊ शकते.

आता प्रत्येक गाडीसाठी आम्ही एक कागद भरतो. त्यावर दोन्ही मुठींचा रोध असतो, आणि मीटरची टोके एकमेकांना लावून येणारा त्या टोकांचा स्वतःचा रोध त्यातून वजा केलेला असतो, कारण ७ ओहममध्ये ०.३ चा फरकही महत्त्वाचा ठरतो. त्याखाली चालू प्रवाहातील दाब, धन आणि ऋण बाजूची घट, आणि काम झाल्यानंतरचे तेच आकडे असतात. एक प्रत ग्राहकाला देतो. पुढच्या हिवाळ्यात तो परत आला, तर अंदाज बांधावा लागत नाही. जुने आकडे समोर ठेवून काय बदलले ते थेट दिसते.

सध्या आम्ही अशा गाड्यांवर शिकत आहोत ज्यांत मुठींना होणारा पुरवठा गाडीचे मुख्य नियंत्रण एकक स्वतः देते आणि प्रवाह अनपेक्षित वाटला की बंद करते. तेथे बल्ब जोडून पाहण्याची आमची जुनी पद्धत चालत नाही, कारण ते एकक बल्बलाच दोष समजते. त्यासाठी आम्ही समायोजित होणारा रोध असलेले एक छोटे परीक्षण-खोके तयार करत आहोत. पहिला नमुना अर्ध्या तासात फार तापला, म्हणून त्याला आता मोठी धातूची पाठ बसवली आहे.