यादीत नसलेली हूबरीन

बाईंनी कापडी पिशवीतून तीन कागद काढले आणि टेबलावर ओळीने मांडले. पहिला त्यांच्या घराण्याचा वंशवृक्ष. दुसरा 1749 सालच्या एका जहाजाच्या यादीची छायाप्रत. तिसरा चर्चच्या जुन्या नोंदवहीतल्या एका पानाचा फोटो. त्या फोटोच्या कडेला कुणीतरी पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं, ‘ह्यूबर, ह्यूबरिन. वेगळं आडनाव. तारीखही जुळत नाही.’

“हा कागद अकरा वर्षं माझ्याकडे पडून आहे,” त्या म्हणाल्या. “निरुपयोगी आहे, पण टाकवत नाही.”

मी मॅनहाइमला राहते. पुण्यात जर्मन शिकले, त्याच काळात भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीही शिकले. इकडे आल्यावर कुरेंटशी गाठ पडली. 1941 पर्यंत जर्मन शाळांमधून शिकवली जाणारी ही धावती लिपी आजच्या जर्मन माणसालासुद्धा सहसा वाचता येत नाही, अगदी मोडीची आपल्याकडे झाली तशीच तिची गत. मोडीने डोळ्यांना एक सवय लावलेली होती, अक्षर एकेकटं न बघता हात कसा फिरला असेल ते बघायची. ती इथे कामी आली. जुन्या नोंदी वाचून देणं हाच आता माझा व्यवसाय आहे.

बहुतेक कामं मेलवरच होतात. या बाई मात्र पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरहून स्वतः आल्या होत्या. वय शहात्तर, आडनाव हूवर. श्पायरच्या प्रॉटेस्टंट चर्चच्या अभिलेखागारात, जिथे टेबलावर लिहायला पेन्सिलीशिवाय दुसरं काही न्यायची सोय नसते, तिथे आम्ही सकाळी बसलो.

वंशवृक्षाच्या एका फांदीवर ठळक अक्षरांत हर्बर्ट हूवर यांचं नाव होतं. अमेरिकेचे 31वे अध्यक्ष. बाईंच्या घरात तीन पिढ्या हे नातं अभिमानाने सांगितलं जात होतं. अध्यक्षांचे पूर्वज आन्द्रेआस हूबर 1738 मध्ये फिलाडेल्फियाला उतरले. त्यांचं जन्मगाव एलरश्टाट श्पायरहून फार लांब नाही. हूबरचं पुढे हूवर झालं. बाईंचे पूर्वजही हूबरच होते, याच फाल्त्स प्रांतातले, आणि गेले तेही लँकेस्टरलाच. मग नातं असणारच, असं त्यांनी धरलेलं.

मला त्यांना समजावून सांगावं लागलं. हूबर हे एका माणसापासून निघालेलं आडनाव नाही. हूबं म्हणजे जमिनीचं एक माप. एक शेतकरी कुटुंब ज्यावर जगेल आणि धन्याचा वाटाही देईल इतकी जमीन. जागोजागी ते बदलायचं, पण साधारण तीस मॉर्गेन धरतात. मॉर्गेन म्हणजे सकाळ, एका सकाळीत एका नांगराने उरकेल तेवढं रान. आपल्या हिशेबात अख्खं हूबं वीस-पंचवीस एकरांचं होईल. जुन्या मोडी कागदांत ‘चाहूर’ आणि ‘बिघे’ वाचताना जशी गावाची शेती डोळ्यांसमोर येते, तसं मला या शब्दाने होतं. असं पूर्ण हूबं कसणारा तो हूबर. बव्हेरिया, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, जिथे जिथे असे शेतकरी होते तिथे तिथे हे आडनाव स्वतंत्रपणे उगवलं. पूर्वेकडे याच अर्थाचं ह्यूब्नर झालं. ऑस्ट्रियात आज ते सर्वांत जास्त आढळणाऱ्या आडनावांपैकी एक आहे.

“आमच्याकडे गावोगाव पाटील आहेत,” मी म्हटलं. “पण दोन पाटील भेटले म्हणून ते भाऊबंद ठरत नाहीत.”

बाई गप्प झाल्या. घरातलं काहीतरी आपण उचलून नेतोय असं मला वाटलं आणि वाईट वाटलं. म्हणून मी तो तिसरा, निरुपयोगी कागद पुढे ओढला.

कुरेंटमध्ये ‘यू’ आणि ‘एन’ सारखेच दिसतात. दोन उभे फराटे, बस. म्हणून ‘यू’च्या डोक्यावर एक छोटी कमान काढायची पद्धत होती. घाईत लिहिणाऱ्या पाद्र्याच्या हातून ही कमान मधेच तुटली की दोन ठिपक्यांसारखी दिसते, आणि दोन ठिपके म्हटले की उच्चार ‘ह्यू’ होतो. फोटोत नेमकं तेच झालं होतं. ते ह्यूबर नव्हतं, स्वच्छ हूबर होतं. त्याच पानावर इतरत्र ‘उण्ड’ म्हणजे ‘आणि’ हा शब्द होता, त्यातल्या ‘यू’वरही तशीच तुटकी कमान. ‘आणि’ला तर ठिपके असण्याचं काही कारण नाही.

आणि ‘ह्यूबरिन’? त्या काळी बाईच्या आडनावाला ‘इन’ जोडत. म्यूलरची बायको म्यूलरिन, हूबरची हूबरिन. ज्यांनी आधी वाचलं त्यांना हे दुसरंच आडनाव वाटलं. पाटलाची पाटलीण आणि सुताराची सुतारीण ऐकत वाढलेल्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही. माझ्या मनात तर ती पहिल्या क्षणापासून हूबरीणच होती.

उरली तारीख. नोंदीत ‘14’ आणि त्यापुढे सात आकड्याला शेपूट जोडून ‘7ब्रिस’ असं होतं, वर्ष 1732. आधीच्या वाचकाने सातवा महिना धरून जुलै केला होता. पण सेप्टेम म्हणजे लॅटिनमध्ये सात, आणि जुन्या नोंदींत ‘7ब्रिस’ म्हणजे सप्टेंबर. आठ म्हणजे ऑक्टोबर, नऊ म्हणजे नोव्हेंबर.

“सप्टेंबर?” बाईंचा आवाज बदलला. “आमच्या घरच्या बायबलात लिहिलंय, जन्म 14 सप्टेंबर 1732.”

फोटोत समास कापला गेला होता. मूळ पान पडद्यावर मागवलं तेव्हा डावीकडच्या समासात, वेगळ्या शाईत, वेगळ्या हाताने लिहिलेल्या तीन ओळी दिसल्या. बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी पुढे काय झालं ते लिहून ठेवण्याची काही पाद्र्यांना सवय असे. मला वाचायला वीस-पंचवीस मिनिटं लागली. बाई शेजारी हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या, एक शब्द बोलल्या नाहीत.

‘आपली आई, विधवा हूबरिन, आणि तीन भावंडांसह नव्या देशात गेला. मे 1749.’

मी दुसरा कागद जवळ घेतला, जहाजाची यादी. 1727 पासून फिलाडेल्फियाला उतरणाऱ्या जर्मन वस्तीकऱ्यांकडून इंग्लंडच्या राजाशी एकनिष्ठतेची शपथ घेत. शपथ देत ती सोळा वर्षांवरच्या पुरुषांना, आणि याद्याही त्यांच्याच. ज्याला लिहिता येत नसे तो निशाणी करी. बाईंच्या पूर्वजाच्या नावामध्ये निशाणी म्हणून एक वेडावाकडा ‘एच’ आहे. सतरा वर्षांचं पोर. त्या यादीवरून बाईंच्या घरात समज होता की तो एकटाच समुद्र ओलांडून गेला. आई आणि भावंडं त्या कागदावर येऊच शकत नव्हती.

त्या प्रवासाबद्दल मी बरंच वाचलंय, त्यामुळे त्या तीन ओळी वाचल्यावर मला पुढचं दिसायला लागलं. फाल्त्समध्ये बापाची जमीन सगळ्या मुलांत वाटायची रीत. दोन-तीन पिढ्यांत नावात हूबं राहिलं आणि हातात द्राक्षमळ्याची एखादी पट्टी. गाव सोडायचं तर मालमत्तेचा दहावा हिस्सा भरा, धन्याच्या बंधनातून सुटण्याचे पैसे वेगळे. मग होडीतून ऱ्हाइनने खाली. 1750 मध्ये गेलेल्या एका जर्मन शिक्षकाने हाइलब्रोनपासून हॉलंडपर्यंत 36 जकात नाकी नोंदवली आहेत. प्रत्येक नाक्यावर थांबा, प्रत्येक दिवशी शिधा संपतोय. तिथून रॉटरडॅम, इंग्लंडचा किनारा, आणि मग दोन-तीन महिने समुद्र. भाडं फिटलं नाही तर उतरल्यावर काही वर्षं दुसऱ्याच्या शेतावर बांधून राबायचं. बाईंचा पूर्वज पाच वर्षं राबला होता, हे त्यांना माहीत होतं. एवढी वर्षं का, ते आता कळलं. त्याच्या एकट्याचं भाडं नव्हतं ते.

आई फिलाडेल्फियाला पोचली की नाही, हे बाईंकडच्या कुठल्याच कागदात नाही.

दुपारी त्या पोराच्या आजोबांच्या दफनाची नोंदही मिळाली. 1711, आणि नावापुढे ‘त्सूरिख मुलखातला’, म्हणजे झुरिककडचा. यात नवल नव्हतं. 1618 ते 1648 च्या तीस वर्षांच्या युद्धात फाल्त्स उजाड झालं होतं, आणि नंतरची कित्येक वर्षं स्वित्झर्लंडमधून कुटुंबं येऊन इथल्या पडीक जमिनी उठवत होती. अध्यक्षांचं हूबर घराणंही स्विसच, पण ते आरगाऊकडचं. म्हणजे एक नाव, दोन घरं, आणि दोन्ही घरांची वाट एकच.

एक गोष्ट मात्र मला त्या दिवशी नव्याने कळली, आणि ती कागदावर नव्हती.

पडदा बंद करून आम्ही खिडकीपाशी पावती घ्यायला गेलो. तिथले वयस्कर गृहस्थ आसपासच्याच गावातले, बोली अस्सल फाल्त्सची. त्यांनी नोंदीचं नाव विचारायला म्हणून सहज म्हटलं, “सापडला का तुमचा हूवर?”

बाई जागच्या जागी थांबल्या. “काय म्हणालात?”

“हूवर,” ते पुन्हा म्हणाले. पावतीवर लिहिलं मात्र हूबर.

या बोलीत दोन स्वरांमधला ‘ब’ ओठांतून निसटून ‘व’ होतो. ‘आबर’ म्हणजे ‘पण’, त्याचं ‘अव्वर’. ‘हाबेन’चं ‘हव्वे’. मी रोज बाजारात ऐकते, पण हे त्या आडनावाशी कधी जोडून पाहिलं नव्हतं. त्सूरिखकडे आजही ‘ब’च म्हणतात. म्हणजे आजोबा हूबर म्हणून इथे आले, दोन पिढ्यांत इथल्या मातीने त्यांचं हूवर केलं, आणि फिलाडेल्फियाच्या इंग्रज लेखनिकाने कानावर पडलं तसं उतरवून घेतलं. त्याने नाव बिघडवलं असं बाईंच्या घरात मानत आले होते. त्याने काही बिघडवलं नव्हतं. त्या पोराने आईकडून ऐकलेलं नाव जसंच्या तसं सांगितलं असणार.

बाईंनी त्या गृहस्थांना आणखी दोनदा ते नाव म्हणायला लावलं. त्यांनीही न कंटाळता म्हटलं. मग बाईंनी वंशवृक्ष बाहेर काढला, अध्यक्षांच्या नावावरून पेन्सिलीची एक रेघ मारली आणि सगळ्यांत वरच्या चौकटीच्या शेजारी, जिथे आजवर कुणीच नव्हतं, बोट ठेवलं.

“इथे तुम्ही लिहा,” त्या म्हणाल्या. “त्याच लिपीत. मला वाचता आलं नाही तरी चालेल.”

मी ‘विधवा हूबरिन’ लिहिलं. ‘यू’वरची कमान जरा मोठी काढली, आणि कुठे तुटणार नाही याची काळजी घेतली.