सातबाऱ्यावरचे नाव आणि मालकी

आज मामांच्या जमिनीचे जुने फेरफार, म्हणजे हक्कांतल्या बदलांच्या नोंदी, तपासण्यात दिवस गेला. सातबाऱ्याच्या ‘इतर अधिकार’ रकान्यात, म्हणजे मालकाखेरीज इतरांचे हक्क लिहितात तिथे, मावश्यांची नावे आहेत आणि घरातला वाद त्यावरूनच पेटला आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 157 नुसार प्रमाणित नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी मानली जाते. परंतु तिच्यामुळे मालकी निर्माण होत नाही, ती ठरवायची तर दिवाणी न्यायालयातच जावे लागते. फेरफारावर हरकत आली की तलाठ्याने ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना 6-अ मध्ये लिहायची आणि सुनावणीनंतरच निर्णय व्हायचा. आमच्या फेरफारावर मात्र वारसांना नोटीस बजावल्याचा साधा शेराही नाही (शाई पुसट असली तरी बाकी मजकूर नीट वाचता येतो). माझ्या मते या फेरफाराविरुद्धच्या अपिलाचा खरा मुद्दा तोच आहे.