आमची वाटचाल: लाल गाडीच्या पत्र्यापासून विमानाच्या पत्र्यापर्यंत

वडील दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये पत्राकामाला होते. लाल गाडीची अॅल्युमिनियमची बॉडी आणि रिव्हेटच्या रांगा, घरी जेवतानाही विषय तोच. १९९६ साली मी भोसरीत शेड घेतली ती इलेक्ट्रिक पॅनेलचे डबे करायला. विमान डोक्यात कुठेच नव्हतं.

२००४ मध्ये एका फ्लाइंग क्लबचे इंजिनीअर दोन सीटच्या ट्रेनर विमानाचा चुरगळलेला पत्रा घेऊन आले. "असाच वळवून द्या, तपासून सही मी करीन. पत्रा मात्र २०२४ टी-३ अल्क्लॅडच हवा, ३२ थाऊ." २०२४ हा अॅल्युमिनियमच्या एका मिश्रधातूचा नंबर, टी-३ हा त्याचा टेंपर, म्हणजे तो किती कडक केलाय ते, आणि अल्क्लॅड म्हणजे वरून शुद्ध अॅल्युमिनियमचा थर दिलेला. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ३२ थाऊ म्हणजे ०.८१ मिलिमीटर. मी मुंबईला गुलालवाडीत गेलो. "एअरक्राफ्ट ग्रेड आहे," व्यापारी म्हणाला. मी घेतला. कागद मागायचा असतो हेच ठाऊक नव्हतं!

इंजिनीअरसाहेबांनी कापलेल्या कडेवर दहा टक्के कॉस्टिक सोड्याच्या पाण्याचा थेंब सोडला. २०२४ मिश्रधातूत चार टक्क्यांच्या आसपास तांबं असतं, त्यामुळे गाभा काळा पडतो. दोन्ही अंगांना शुद्ध अॅल्युमिनियमचा पातळ थर असतो, तो पांढराच राहतो. भिंगातून बघितलं की दोन पांढऱ्या रेघांमध्ये एक काळी. आमची कड मात्र लख्ख. आम्ही आणला होता तो हिंडालियमच्या पातेल्याचा चुलतभाऊ. ते काही बोलले नाहीत, कडेवर पाणी ओतलं आणि गेले. काम परत मिळायला दीड वर्ष लागलं.

तेव्हापासून आधी कागद, मग पत्रा. कड काळी पडली म्हणून भागत नाही, कारण नरम 'ओ' टेंपरचा २०२४ही तसाच काळा पडतो, आणि त्यात टी-३ची ताकद नसते. म्हणून मिलचं टेस्ट सर्टिफिकेट, त्यावरचा लॉट नंबर आणि शीटवर ओळीने छापलेले मिश्रधातू, टेंपर, जाडी हे सगळं जुळलं तरच माल आत. उरलेल्या तुकड्यावर लगेच लॉट नंबर लिहितो. नंबर नसलेला तुकडा कितीही चांगला असो, नवीन पोरांना रिव्हेट मारायला शिकवण्यासाठी जातो.

जाडीचंही तसंच. जुन्या पत्र्याला व्हर्नियर लावला की रंगाची जाडीही त्यात येते, म्हणून रंग उतरवून मोजायचं आणि विमानाच्या मॅन्युअलशी ताडायचं. टाकीचं काम आलं तर गोष्ट वेगळी. तिथे वेल्डिंग लागतं, २०२४ त्याला चालत नाही, ५०५२ किंवा ६०६१ नंबरचा मिश्रधातू घेतो. गुलालवाडीतला तो पत्रा तसा वाईट नव्हता, जागा चुकली होती.

सगळ्यात मोठा फटका पावसाने दिला. पत्रा बाहेरून मागवतो. चार बाय बारा फुटांची ३२ थाऊची शीट जेमतेम दहा किलोची. गुंडाळी करून मागवली तर भाडं कमी पडतं, पण उलगडताना एक मुरड पडली की ती जन्मभर जात नाही, म्हणून सपाट खोक्यातच. एका जुलैमध्ये ते खोकं ट्रान्सपोर्टवाल्याच्या गोदामात गळक्या छपराखाली आठवडाभर पडलं. शीटांच्या मधे पाणी शिरलं, वर पांढुरके-करडे डाग. अकरा शीटा बाद. इन्शुरन्स? काढला नव्हता. आता पावसाळ्यात माल मागवतच नाही आणि शीटा उभ्या ठेवतो, मधे कोरडा कागद घालून.

शेडच्या दाराशी एक डबा आहे, त्यात सगळ्यांच्या पेन्सिली. अॅल्युमिनियमवर पेन्सिलीची रेघ राहिली तर ग्रॅफाइटमुळे दमट हवेत तिथेच पत्रा खायला लागतो. सुईने ओरखडलं तर वरचा शुद्ध थर जातो आणि चीर धरायला जागा मिळते. आखायचं ते बारीक मार्करने. परवा वडील आले. "एसटीत जन्मभर पेन्सिलीनंच आखलं, कुठली गाडी मोडली?" असं पुटपुटत त्यांनी कानामागची पेन्सिल डब्यात टाकली आणि चष्मा कपाळावर चढवून नव्या शीटवरचा शिक्का वाचायला लागले.