विंडोजच्या पोटात लिनक्स, आणि कोपऱ्यातलं हिरवं कासव

चालू विंडोजला हात न लावता लिनक्स वापरून बघायचं असेल तर व्हर्च्युअलबॉक्स बरं. विंडोजच्या आतच दुसरा, नुसता सॉफ्टवेअरचा कॉम्प्युटर चालवणारा हा प्रोग्राम. फुकट आहे. आत लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती टाका. हलकी आहे, आणि विंडोजची सवय असलेल्याला मेनू शोधत बसावं लागत नाही.

आधी टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर जा. तिथे ‘व्हर्च्युअलायझेशन’ (एका मशीनच्या आत दुसरं चालवायची प्रोसेसरची सोय) याच्यापुढे ‘एनेबल्ड’ दिसलं पाहिजे. नसेल तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये, जाऊन ते चालू करा. इंटेलच्या मशीनवर त्याला व्हीटी-एक्स किंवा व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी म्हणतात, एएमडीवर एसव्हीएम.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये नवीन मशीन, म्हणजे तो आतला कॉम्प्युटर, बनवताना हात सैल सोडू नका. लॅपटॉपला 8 जीबी रॅम असेल तर आतल्याला 3 जीबी, 16 असेल तर 4. जास्त दिली की विंडोजलाच रॅम कमी पडते, ते डिस्कवर लिहीत बसतं आणि दोन्ही रडतात. सीपीयू 2. डिस्क 30 जीबी, डायनॅमिक. म्हणजे फाइल भरेल तशी फुगते. आतलं पुसलं म्हणून ती आपोआप आकसत मात्र नाही. ‘अनअटेंडेड इन्स्टॉलेशन’ नको म्हणा, नाहीतर तुम्ही न ठरवलेलं युजरनेम आणि पासवर्ड गळ्यात पडतात.

इन्स्टॉल करताना ‘इरेज डिस्क’ वाचून बऱ्याच जणांचा हात थांबतो. इथे पुसली जाते ती फक्त ती 30 जीबीची फाइल, तुमची सी ड्राइव्ह नाही. (पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करून हेच बटण दाबलंत तर मात्र खरोखर सगळं जाईल.) पडदा काळाच राहिला तर व्हिडिओ मेमरी 128 एमबी करा आणि थ्रीडी अॅक्सेलरेशन काढा.

आता कासव. मशीन चालू असताना खिडकीच्या खालच्या पट्टीत, उजवीकडे, प्रोसेसरचं छोटं चित्र असतं. तिथे हिरवं कासव दिसलं तर समजा, प्रोसेसरची ती व्हर्च्युअलायझेशनची सोय हायपर-व्हीने (आतली मशीन चालवायची विंडोजची स्वतःची यंत्रणा) आधीच धरून ठेवली आहे आणि व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्या डोक्यावर बसून काम करावं लागतंय. माउस अडखळतो, मेनू उघडायला वेळ लागतो. रॅम वाढवून उपयोग नाही. ‘विंडोज फीचर्स’मध्ये हायपर-व्ही, व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म आणि विंडोज हायपरवायझर प्लॅटफॉर्म, तिन्हींवरची खूण काढा. तरी कासव हललं नाही तर विंडोज सिक्युरिटीत कोअर आयसोलेशनखालची ‘मेमरी इंटेग्रिटी’ बघा. बदल केल्यावर ‘रीस्टार्ट’च करा, फास्ट स्टार्टअप चालू असेल तर ‘शट डाउन’ पुरत नाही. पण डब्ल्यूएसएल 2 (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची मायक्रोसॉफ्टची सोय) वापरत असाल तर ते बंद पडेल, आणि मेमरी इंटेग्रिटी काढणं म्हणजे सुरक्षेचं एक कुलूप काढणं. नुसतं हिंडून बघायचं असेल तर कासव राहू द्या.

शेअर्ड फोल्डर (विंडोज आणि आतलं लिनक्स, दोघांनी मिळून वापरायचा फोल्डर) दिसतो पण उघडत नाही, ही नेहमीची तक्रार. मिंटच्या ‘युजर्स अँड ग्रुप्स’मध्ये आपल्या युजरला ‘व्हीबॉक्सएसएफ’ (vboxsf) ग्रुपमध्ये घाला आणि एकदा लॉगआउट करून परत या.

सगळं जमलं की लगेच व्हर्च्युअलबॉक्समध्ये स्नॅपशॉट, म्हणजे आतल्या मशीनच्या त्या क्षणीच्या स्थितीची नोंद, घ्या. पुढे काही मोडलं तर मिनिटात मागे जाता येतं. तो बॅकअप मात्र नव्हे. मूळ डिस्कची फाइल उडाली तर स्नॅपशॉटही गेला. आणि माउस आत अडकलाच, तर उजवीकडचं कंट्रोल बटण दाबा.