गुरुवारची घरसभा

माझे वडील वारले तेव्हा मी दहावीत होते. आमचं घर नगरचं. त्या पंधरा दिवसांत आमची चूल पेटली नाही, कारण मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, बायका सकाळ-संध्याकाळ डबे आणत होत्या. रात्री दोघी-तिघी आईजवळ निजायला राहायच्या. मंडळी म्हणजे हे असं आपोआपच होत असणार, असं मी तेव्हा धरून चालले.

लग्न होऊन चिंचवडला आले आणि आपोआप काहीच होईना. रविवारी उपासनेला जायचो, आशीर्वाद झाला की दारात पाळकसाहेबांना सलाम करून गाडीला किक. सहा वर्षं हे चाललं. पुढच्या बाकावरच्या बाईंचं नावही मला ठाऊक नव्हतं. एकदा आईकडे कुरकुरले, "इथली माणसं आपल्या नगरसारखी नाहीत." आई भाजी निवडत होती. म्हणाली, "अगं, तुझे बाबा गेले त्याआधी बारा वर्षं मी त्या बायकांच्या घरी जात होते. बाळंतपणाला, आजारपणाला, नुसती प्रार्थनेलासुद्धा. तू कुणाकडे जातेस?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. बायबलमधल्या इब्री लोकांस पत्राच्या दहाव्या अध्यायात एकत्र मिळणं सोडू नका असं सांगताना 'कित्येकांच्या चालीप्रमाणे' असे शब्द आले आहेत. लहानपणापासून ऐकलेलं ते वचन, पण 'चाल' या शब्दावर मी कधी थांबलेच नव्हते. न जाण्याचीसुद्धा चाल पडते. मला ती पडली होती.

2018 साली लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपासकाळ, सुरू झाला तेव्हा आम्ही दोघांनी ठरवलं, गुरुवारच्या घरसभेला जायचं. निदान ते चाळीस दिवस तरी. दर आठवड्याला वेगळं घर, साडेसातची वेळ. ह्यांची भोसरीतली शिफ्ट सुटायची सातला, त्यामुळे आम्ही नेहमी पहिलं गीत अर्धं झाल्यावर पोचायचो. पेटीवर एक निवृत्त काका असायचे. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची भजनं ते अशी लावून धरत की मला नगरची संध्याकाळ आठवायची. रेव्हरंड टिळकांनी 1917 मध्ये साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला, त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्यांनाही जागा होती, हे मला काकांनीच चहा पिताना सांगितलं. ख्रिस्ताभोवती माणसं जमली पाहिजेत हा त्या माणसाचा ध्यास होता, असं ते म्हणत.

जाणं जमलं. जमत नव्हतं ते बोलणं. वचन झालं की एकेकाला प्रार्थनेचा विषय विचारतात. माझी पाळी आली की मी म्हणायची, "घरच्यांसाठी." दर गुरुवारी तेच. खरं तर घराचे हप्ते थकले होते, आणि त्यावरून ह्यांच्या भावाशी बोलणं बंद झालं होतं. पण हे चारचौघांत कसं सांगायचं? उद्या मंडळीभर होईल ही भीती होती, आणि त्याहून मोठा होता अभिमान. लेंट संपला, पुनरुत्थानाचा सण, ईस्टर, झाला, आम्ही जातच राहिलो, आणि मी "घरच्यांसाठी" म्हणतच राहिले.

आठ महिने लागले. एका गुरुवारी एका ताईंनी आपल्या मुलाच्या दारूबद्दल सांगितलं. रडल्या नाहीत, साधं सांगितलं. त्यानंतर माझी पाळी आली, आणि त्यांच्यासमोर "घरच्यांसाठी" म्हणायची मला लाज वाटली. हप्त्यांचं बोलले, दिरांचं बोलले. कुणी उपदेश केला नाही. काकांनी प्रार्थनेत दिरांचं नाव घेतलं, तेही प्रेमानं. ती गोष्ट त्या खोलीबाहेर कुठेच गेली नाही. पुढच्या गुरुवारी बोलणं सोपं गेलं, त्याच्या पुढच्या गुरुवारी आणखी. लोकांना वाटतं संगती म्हणजे गाणी आणि चहा-पोहे. मला ती मुख्यतः जिभेची सवय वाटते: आपली गरज न सजवता, न लपवता सांगायची. ती छोट्या दुखण्यांवर शिकावी लागते.

2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, चर्चची दारं बंद झाली. झावळ्यांचा रविवार, म्हणजे ईस्टरच्या आदला रविवार, आम्ही घरातच केला. घरसभा फोनवर सुरू राहिली, पेटीचा आवाज तुटत तुटत यायचा.

पुढच्या वर्षी, एप्रिल 2021 मध्ये, ह्यांचा ऑक्सिजन 88 वर आला. रात्रीचे सव्वाअकरा. मी घरसभेच्या फोनवरच्या गटावर एवढंच लिहिलं: "ह्यांना श्वास लागतोय, बेड मिळत नाही, मला भीती वाटतेय." तीन वर्षांपूर्वीची मी हा निरोप लिहिलाच नसता. 'सर्वांनी प्रार्थना करावी' इतकं लिहून फोन ठेवला असता. दहा मिनिटांत तिघं बेड शोधायला लागले, मंडळीतल्या एका भावानं गाडी दारात आणली. पहाटे तीनला बेड मिळाला. नंतरचे अकरा दिवस दाराच्या कडीला डबा अडकवलेला असायचा, आणि रात्री नऊला कुणीतरी फोनवर माझ्याबरोबर प्रार्थना करायचं. काही रात्री मला शब्द सुचत नसत, त्या रात्री पलीकडचा माणूस दोघांच्या वाटचं बोलायचा.

हे घरी आले. त्याच आठवड्यात पेटीवाले काका गेले. अंत्यविधीला वीसच माणसांना परवानगी होती, आम्ही त्यांत नव्हतो. त्या रात्री फोनवर सगळ्यांनी त्यांचं आवडतं भजन म्हटलं, पेटीशिवाय. काकूंचा आवाज त्यात नव्हता, पण त्यांनी फोन शेवटपर्यंत चालू ठेवला होता.

सभा पुन्हा घरोघरी सुरू झाल्या तेव्हा काकूंना आणायला मी जायला लागले. त्यांची पाळी आली की त्या म्हणायच्या, "सगळ्यांसाठी." मी काही विचारत नसे. परतताना चौकापर्यंत आम्ही सावकाश चालायचो, कधी पाळकवाडीतलं त्यांचं बालपण, कधी औषधांची बिलं. तिसऱ्या महिन्यात एका गुरुवारी, आमच्याच घरी, खालच्या मजल्यावरून मागून आणलेल्या खुर्चीवर बसून त्या म्हणाल्या, "मला रात्री झोप येत नाही. घरात पेटी आहे, तिच्याकडे बघवत नाही."

आता ती पेटी आमच्याकडे आहे. ताईंचा तोच मुलगा ती वाजवायला शिकतोय. गुरुवारी साडेसहालाच येऊन बसतो.