आईच्या आईच्या आईचं माहेर

परवा कपाट आवरताना एक जुना प्रिंटआऊट सापडला. जगाचा नकाशा आणि त्यावर पूर्व आफ्रिकेतून निघून अरबस्तानाच्या कडेकडेने आपल्याकडे आलेली एक रेघ. 2007 मधला आहे. आई तेव्हा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे न्यू जर्सीला आली होती आणि मी नॅशनल जिओग्राफिकच्या जिनोग्राफिक प्रोजेक्टचं किट मागवलं होतं, साधारण 100 डॉलर पडले होते.

हा प्रोजेक्ट 2005 मध्ये स्पेन्सर वेल्स या शास्त्रज्ञाच्या पुढाकाराने सुरू झाला, आयबीएम ही कॉम्प्युटर कंपनी सोबत होती. शास्त्रज्ञ जगभरच्या मूळनिवासी लोकांकडे जाऊन सॅम्पल घेणार, आणि बाकी तुम्हीआम्ही कुणीही किट विकत घेऊन त्यात सामील व्हायचं, त्याच पैशातून पुढचं काम चालणार. माणूस आफ्रिकेतून निघून जगभर कसा पसरला हे शोधायला साध्या माणसांनी आपलं सॅम्पल पोस्टाने पाठवायचं, हीच गोष्ट मला इतकी आवडली होती की मी नवऱ्याला न विचारताच ऑर्डर टाकली. (काही मूळनिवासी संघटनांनी याला कडक विरोध केला होता, आमचं रक्त नेऊन तुम्ही त्याचं काय करणार म्हणून, आणि तो प्रश्न मला आजही रास्त वाटतो.)

आईला चहाच्या आधीच बसवलं. "अगं पण काही टोचणार नाही ना?" "नाही गं आई, फक्त गालाच्या आतून घासायचं." छोटा ब्रश होता, तो गालाच्या आत नीट घासायचा आणि कुपीत टाकायचा. ती डोळे मिटून अगदी शांत बसली होती, डेंटिस्टकडे बसते तशी. पाकिटावर नाव नाही, फक्त नंबर, आणि त्याच नंबरावर नंतर वेबसाईटवर रिझल्ट बघायचा.

खरं म्हणजे सॅम्पल माझं दिलं असतं तरी उत्तर तेच आलं असतं. ही टेस्ट मायटोकॉन्ड्रिया या पेशीतल्या बारीक भागाचा डीएनए बघते आणि तो आईकडूनच मिळतो, मुलाला पण मिळतो पण तो पुढे देत नाही, मुलगीच देते. वडिलांची बाजू वाय क्रोमोसोमवरून कळते, तो बायकांना नसतोच, म्हणून ते हवं असेल तर बाबांचं नाहीतर भावाचं सॅम्पल लागतं. पण मला आईचीच बाजू हवी होती आणि त्याला कारण आहे.

आमच्या घराण्याची वंशावळ आहे. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या चोपडीत पणजोबांच्याही मागची नावं निघतात, सगळी पुरुषांची. आईची आजी कोण, तिची आई कुठली, याचा कुठे कागदच नाही. त्यात आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने नवीन नाव लिहायचं, म्हणजे आडनावच नाही तर तिचं स्वतःचं नावही गेलं. आजीचं माहेरचं नाव मला मी कॉलेजात गेल्यावर कळलं, तेही कुणीतरी बोलता बोलता म्हणालं म्हणून.

मग काही आठवड्यांनी रिझल्ट आला. एम. बस, एक अक्षर, आईकडच्या वंशाच्या शाखेचं नाव. आफ्रिकेतल्या एल3 या शाखेतून फुटलेली, साधारण 60 हजार वर्षांपूर्वी, आणि भारतात निम्म्याहून जास्त लोक याच मोठ्या शाखेतले. क्षणभर वाटलं, एवढंच? पण मग नकाशा बघत बसले. आईला दाखवला तर ती बोटाने ती रेघ गिरवत म्हणाली, "एवढं सगळं चालत आल्या?" आल्या म्हणाली ती, आले नाही. ते माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

एक गोष्ट मात्र ठासून सांगते, कारण हल्ली अशी टेस्ट करून जात सिद्ध करायला निघालेले लोक दिसतात. दहा पिढ्या मागे गेलं की आपले 1024 पूर्वज होतात (हिशोबाने, प्रत्यक्षात काही तेच तेच येतात) आणि ही टेस्ट त्यातल्या एकीबद्दलच सांगते, बाकीच्यांबद्दल अवाक्षर नाही. आणि पूर्ण जिनोम, म्हणजे सगळाच्या सगळा डीएनए बघितला तरी जातीचा अभिमान टिकत नाही, 2013 मध्ये आलेल्या अभ्यासात, ज्यात हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ होते, असं दिसलं की साधारण 4200 ते 1900 वर्षांपूर्वी भारतात जवळजवळ सगळ्याच गटांमध्ये सरमिसळ झाली, आपापल्यातच लग्न करायचं हे नंतरचं. म्हणजे जे आपण सनातन म्हणून मिरवतो ते त्या रेघेच्या अगदी शेवटच्या टोकावरचं आहे.

2019 मध्ये नॅशनल जिओग्राफिकने किट विकणं थांबवलं आणि पुढच्या वर्षी रिझल्टची वेबसाईटही बंद झाली. तोवर जवळपास 10 लाख लोकांनी भाग घेतला होता. म्हणून हा प्रिंटआऊट आता मी प्लास्टिकमध्ये घालून ठेवलाय.

त्याच्या मागे आईच्या अक्षरात पेन्सिलीने खालून वर नावं आहेत, माझं, तिचं, आजीचं, सगळी माहेरची. पणजीचं सासरचं नाव आहे आणि शेजारी प्रश्नचिन्ह. आई आता नाही. वाईला तिची एक मावसबहीण आहे, नव्वदीला टेकलेली, ऐकायला कमी येतं पण जुनं सगळं आठवतं. दिवाळीत जाणारे तिच्याकडे, तोच कागद घेऊन.