स्लीपिंग बॅगच्या आधी मॅट बघा

थंडी सुरू झाली की आमच्या ट्रेकच्या ग्रुपवर स्लीपिंग बॅगची चर्चा सुरू होते, पाच डिग्रीची घेऊ का शून्याची, कुठल्या कंपनीची, वजन किती, आणि खाली काय अंथरणार हे मात्र कुणी विचारतच नाही. माझं स्पष्ट मत आहे की बजेट कमी असेल तर स्लीपिंग बॅगवर थोडे कमी घाला पण मॅट चांगली घ्या. सह्याद्रीत रात्री थंडी वाजते ती बहुतेक वेळा खालून वाजते.

कारण साधं आहे. स्लीपिंग बॅग गरम ठेवते ती तिच्या फायबरमध्ये अडकलेल्या हवेमुळे, आणि आपण आडवे झालो की पाठीखालचा, कमरेखालचा भाग आपल्याच वजनाने चेपून पापडाएवढा होतो, मग तिथे हवाच उरत नाही आणि खालचा कातळ रात्रभर अंगातली ऊब ओढत राहतो. हरिश्चंद्रगडाच्या गुहेत डिसेंबरात जे झोपलेत त्यांना हे लगेच पटेल, वरून छान पांघरलेलं असतं तरी पहाटे तीन-चारला कंबर आणि खांदा गार पडून जाग येते आणि मग उजाडेपर्यंत नुसतं कुशी बदलणं चालू.

मॅट किती थंडी अडवते त्याला आर-व्हॅल्यू असा आकडा असतो, जास्त आकडा म्हणजे जास्त ऊब. चांगल्या कंपन्या तो पाकिटावर छापतात आणि २०१८ पासून तो मोजायचं एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं एक ठराविक स्टँडर्ड पण आहे, त्यामुळे दोन वेगळ्या कंपन्यांच्या मॅट समोरासमोर ठेवून बघता येतात. आपल्याकडच्या हिवाळ्याला साधारण २ पुरतो. केदारकंठासारख्या बर्फातल्या ट्रेकला डिसेंबर-जानेवारीत जाणार असाल तर ४ च्या खाली जाऊ नका. आणि सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे हे आकडे एकमेकांत मिळवता येतात, २ च्या फोम मॅटवर ३ ची हवेची मॅट टाकली की ५ झाला, त्यामुळे हिमालयासाठी जुनी मॅट टाकून द्यायची काही गरज नाही.

आता जाड म्हणजे गरम हे डोक्यातून काढून टाका. पवना लेकला गाडी लावून जे कॅम्पिंग होतं तिथे लोक ती वीतभर उंच साधी पीव्हीसीची एअरबेड आणतात, दिसायला गादीच, पण आत नुसती मोकळी हवा. ती हवा आत फिरत राहते, वर अंगाजवळ गरम होते, खाली जमिनीजवळ गार होते, आणि ऊब तशीच निघून जाते. उन्हाळ्यात हे चालतं, बरंच वाटतं. थंडीत मात्र एअरबेडच्या वर काहीतरी टाकाच, फोम मॅट नाहीतर जाड ब्लँकेट, आणि घरात घोंगडी असेल तर उत्तमच, लोकर दबली तरी तिच्यात थोडी हवा राहते.

अजून एक, दुपारी टणक भरलेली एअरबेड रात्री मऊ पडली की लोक लगेच पंक्चर झाली म्हणून घाबरतात. दुपारी तीस डिग्री आणि रात्री दहा असेल तर आतली हवा साधारण सहा-सात टक्के आकसते, बाकी काही नाही. झोपायच्या आधी परत थोडी भरायची. खूप टणक पण नको, कुशीवर झोपल्यावर नितंबाचं हाड थोडं आत जाईल पण जमिनीला टेकणार नाही इतपत ठेवायची. हे तपासायला आडवं व्हावंच लागतं, हाताने दाबून कळत नाही.

पाठीवर सॅक घेऊन चढायचं असेल तर मी आजही फोमचीच कॅरीमॅट घेते. तिचा क्लोज्ड सेल, म्हणजे बंद कप्प्यांचा फोम पाणी पीत नाही, काटा घुसला, दगड टोचला तरी काही बिघडत नाही, आणि जेवायला बसायला पण तीच. योगा मॅट नेऊ नका प्लीज, ती जड असते आणि ऊबही फारशी देत नाही. दुकानात अंगठ्याने जोरात दाबून बघा, खळगा तसाच राहिला तर ती मॅट थोड्याच दिवसात चपटी होणार. आणि सॅकला आडवी बांधू नका, हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेसारख्या अरुंद जागी ती दोन्हीकडे खडकाला अडकते आणि तोल जातो, हे खरंच धोक्याचं आहे. सॅक मोठी असेल तर मॅट आतल्या बाजूने नळकांड्यासारखी गोल लावायची आणि बाकी सामान तिच्या पोटात भरायचं, सॅकला आकार पण येतो आणि करवंदीच्या जाळीत मॅट फाटत नाही.

मागच्या हिवाळ्यात आईबाबांना भंडारदऱ्याला टेंटमध्ये राहायला नेलं तेव्हा मात्र फोमचा हट्ट धरला नाही. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना जमिनीवरून उठणं हाच मोठा त्रास असतो, तिथे उंच एअरबेडच पाहिजे. फक्त डबल घेऊ नका, एकाने कूस बदलली की दुसरा उचलला जातो, दोन सिंगल बऱ्या. आम्ही खाली सतरंजी, मग एअरबेड, मग फोम मॅट, मग आईने घरून आणलेली गोधडी अशी रचना केली होती आणि सकाळी आई स्वतःहून म्हणाली की पाठ अजिबात दुखली नाही, मला त्याचा फार आनंद झाला.

मधला पर्याय म्हणजे सेल्फ-इन्फ्लेटिंग मॅट, आत फोम असतो, व्हॉल्व्ह उघडला की बरीचशी आपली आपण फुगते, शेवटच्या दोन-तीन फुंका तेवढ्या आपण मारायच्या. कुशीवर झोपणाऱ्यांना ही खूप सोयीची आहे, वजन थोडं जास्त. पण टेंट लावायच्या आधी जागेवरून हात फिरवून खडे, काटे, काटक्या वेचून काढा, बाभळीचा एक काटा पुरतो. पंक्चर शोधायला साबणाचं पाणी लावायचं, बुडबुडे येतात तिथे पॅच.

घरी आल्यावर ती गुंडाळून माळ्यावर टाकू नका. आधी वाळवा, मग व्हॉल्व्ह उघडा ठेवून पलंगाखाली नाहीतर कपाटामागे पसरून ठेवा, नाहीतर आतला फोम दबलेलाच राहतो आणि पुढच्या ट्रेकला ती फुगायचं नाव घेत नाही.